घोडा नसलेल्या जगातलं घोडदळ : एका पटाचं परीक्षण

पेटी उघडल्यावर मी आधी रेनडियर उचलला. अंगठ्याएवढी राखाडी प्लास्टिकची मूर्ती, रंग न दिलेली. भिंग लावून बघितलं, खोगीर कुठे बसवलंय? पाठीच्या मध्यावर नव्हतं. पुढे, थेट खांद्यांवर होतं. स्वाराच्या हातात भाल्याऐवजी लांब काठी होती आणि पाय मोकळे लोंबत होते, रिकीब नव्हती. मी भाच्याला म्हटलं, "ज्यानं हे घडवलंय त्याला जनावर कळतं." तो म्हणाला, "मावशी, तू अजून नियमसुद्धा उघडले नाहीस."

पंचवीस वर्षं मी मोठ्या जनावरांची डॉक्टर आहे आणि त्यातला बराच काळ घोड्यांच्या पाठी, खूर आणि पोटं तपासण्यात गेला. युद्धाचे पट आम्ही दोघं गेली सहा-सात वर्षं खेळतोय. त्यामुळे या पेटीबद्दल मला जे वाटतं ते थोडं पागेतून आणि थोडं पटावरून आलेलं आहे.

खेळाची कल्पना अशी : माणसानं घोडा कधी माणसाळवलाच नाही. आज आपण ज्या घोड्यांवर बसतो ते सगळे व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या भागातल्या गवताळ प्रदेशातून, साधारण इसवी सनपूर्व २२०० नंतर जगभर पसरलेल्या एका वंशाचे, असं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून पुढे आलं. या खेळात तो वंश पुढे सरकतच नाही. मग साम्राज्यं उभी राहतात ती उंट, हत्ती, रेडे, रेनडियर, मूस (उत्तरेच्या जंगलातलं भलंमोठं हरीण), झेब्रे, शहामृगं आणि कुंगा (पाळीव गाढव आणि रानगाढव यांचा संकर) यांच्या जिवावर. दोन ते चार खेळाडू, षट्कोनी घरांचा मोठा नकाशा, प्रत्येक जनावराचं एक कार्ड. एक डाव आम्हाला साडेतीन तास पुरला.

अशा कल्पनेचे खेळ मी आधीही बघितलेत. त्यात घोड्याच्या जागी दुसरं काहीतरी दिसायला जबरदस्त जनावर येतं आणि वागतं मात्र घोड्यासारखंच. अस्वल म्हणजे जास्त ताकदीचा घोडा, शहामृग म्हणजे जास्त वेगाचा घोडा. या पेटीत निदान अर्ध्या जनावरांच्या बाबतीत तसं झालेलं नाही. ते का, हे सांगायला मी लिहायला बसले आहे.

प्रत्येक कार्डावर वेगाच्या आकड्याच्या वर, जरा मोठ्या टाइपात, 'पाठ' असा आकडा छापलाय. हा क्रम बघूनच मला बरं वाटलं. घोड्यांच्या बाबतीत आमच्यात एक ढोबळ माप वापरतात : स्वार, खोगीर, सामान सगळं धरून जनावराच्या वजनाच्या २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. साडेचारशे किलोच्या घोड्यावर नव्वद किलो. हेच माप दुसऱ्या जनावरांना जसंच्या तसं लागू होत नाही, पण अंदाज येतो. मैदानी झेब्रा तीनशे किलोच्या आतबाहेर, म्हणजे साठ किलो. त्यात माणूसच जेमतेम बसतो, शस्त्र आणि पाण्याची पखाल राहिली बाजूला. शहामृग सव्वाशे किलोचं धरलं तर पंचवीस किलो. इतक्या वजनाचा सैनिक कुठून आणणार?

वजन हा निम्मा भाग झाला. ते कुठे टेकतं हा उरलेला निम्मा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरणी घोडी आली होती. वागणं गोड, पण खोगीर दिसलं की कान मागे. मानेखालच्या उंचवट्यावर रुपयाएवढा केस गेलेला डाग होता. वरून काहीच वाटेना. बोटांनी दाबत गेले तर खाली पू धरलेला, मुठीएवढा. खोगिराचा लाकडी सांगाडा एका बाजूला दोन बोटं खाली बसला होता, एवढंच कारण. ती घोडी चार महिने उभी होती. मोहिमेवर निघालेल्या फौजेत अशा शंभर पाठी एकदम खराब झाल्या तर ते शंभर स्वार पायदळात जमा. लढाई न होता. इथे लांबच्या प्रत्येक कूचनंतर 'पाठ'वर फासा टाकावा लागतो आणि हरलात तर स्वारांची मूर्ती काढून तिथे पायदळाची ठेवावी लागते. हा नियम वाचून मी पुस्तिका क्षणभर मिटून ठेवली. इतकी खरी गोष्ट मी कुठल्या पटावर पाहिली नव्हती.

रेनडियरचं खोगीर खांद्यांवर का, तर त्याच्या पाठीचा मधला भाग कच्चा असतो. सायबेरियातले इवेंकी आणि मंगोलियाच्या उत्तरेकडचे दुखा लोक पिढ्यानपिढ्या रेनडियरवर बसतात ते असंच, पुढे सरकून, काठीच्या आधारानं तोल सांभाळत. या बैठकीवरून भाला रोवून धडक मारता येत नाही. कार्डावर म्हणूनच रेनडियरला 'धडक' शून्य दिलीय आणि त्याऐवजी बर्फातली चाल आणि वाहतूक भरपूर दिलीय. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजेनं उत्तरेच्या आघाडीवर रेनडियर वापरले ते घसरगाड्यांना जुंपून, जखमी माणसं मागे आणायला आणि दारूगोळा पुढे न्यायला. पटावरचा रेनडियर नेमका तेवढंच करतो आणि तेवढ्यावर डाव फिरवतो.

आता पोटाकडे येते. या पेटीतला सगळ्यात हुशार नियम रवंथाचा आहे.

घोडा रवंथ करत नाही. त्याचं अन्न सडवण्याचं काम पोटाच्या मागच्या भागात, मोठ्या आतड्यात चालतं. निकस गवत असलं तरी तो भरपूर खातो आणि पुढे चालू लागतो. गाय, रेडा, रेनडियर, मूस यांचं तसं नाही. चरून झालं की त्यांना निवांत उभं राहून किंवा बसून, गिळलेलं परत तोंडात आणून तासन् तास चावावं लागतं. उंटाच्या पोटाची रचना थोडी वेगळी, पण रवंथ त्यालाही चुकत नाही. हे तास तुम्ही हिरावून घेतले तर जनावर पुढ्यात चारा असूनही खंगतं. खेळात रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कार्डांना हिरवी कड आहे. हिरव्या कडेच्या तुकडीला लागोपाठ दोन फेऱ्या चालवलंत की तिसऱ्या फेरीत ती जागची हलत नाही, कितीही डोकं आपटा. कुंगा, झेब्रा आणि हत्ती यांना ही अट नाही. एवढ्या एका नियमानं सगळा नकाशा बदलतो. पाठलाग कोण करू शकतो, माघार कोण घेऊ शकतो, रात्रीची चाल कुणाला परवडते, हे सगळं कुणाच्या पोटात काय चाललंय त्यावर ठरतं. माझ्या विद्यार्थ्यांना पोटाची रचना शिकवताना इथून पुढे मी हा पट घेऊन जाणार आहे.

चाऱ्याच्या सोंगट्या वेगळ्या रंगांच्या आहेत : गवत, दाणा, झाडपाला, दगडफूल. कुठलीही सोंगटी कुठल्याही जनावराला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटननं फ्रान्समध्ये जी रसद उतरवली तिच्यात दाणावैरण सुमारे ५४ लाख टन होती आणि दारूगोळा सुमारे ५२ लाख टन. तोफांच्या त्या युद्धातसुद्धा जनावरांची चंदी गोळ्यांपेक्षा जड भरली. घोड्याला निदान वाळकं गवत आणि दाणा दिला की भागतं. मूसला ते पचत नाही. त्याला विलो, अॅस्पेन यांच्या डहाळ्या आणि पाला लागतो. वाळक्या गवतावर ठेवलेला मूस हळूहळू आजारी पडतो. म्हणजे मूसस्वारांची फौज जंगलाबाहेर दोन मुक्काम गेली की संपली.

मूसचं कार्ड मला या पेटीत सगळ्यात आवडलं. रशियात कोस्त्रोमा भागात सुमारोकोवो इथे १९६३ पासून मूस पाळायचा प्रयत्न चालू आहे. माद्या जंगलात मोकळ्या चरायला जातात आणि दूध काढायच्या वेळी आपणहून परत येतात. म्हणजे हे जनावर माणसावर विश्वास टाकू शकतं. पण ते उन्हात टिकत नाही. उन्हाळ्यात पारा १४ अंशांच्या वर चढला की मूसला त्रास व्हायला लागतो, धाप लागते. कार्डावर 'उष्ण' घरांत चाल निम्मी असं लिहिलंय, ते त्यामुळे. शरद ऋतूत नर माजावर येतात तेव्हा 'माज' नावाचा फासा पडतो आणि सहा आला तर तुकडी तुमचं ऐकत नाही, शेजारच्या तुकडीवर जाते. भाच्याचा सहा पडला. त्याच्या मूसस्वारांनी त्याचीच रसदगाडी उलथवली. तो हिरमुसला, मी मात्र मनापासून खूश झाले. माजावरचा नर आवरण्यासाठी चार माणसं लोंबकळताना मी पाहिलीत.

एक चूक मात्र डोळ्यांत खुपते. हिवाळ्याच्या मोहिमेच्या चित्रात आणि मूर्तीतही नर मूसला ऐन बर्फात पसरट शिंगांचा भार दाखवलाय. नर मूसची शिंगं हिवाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गळून पडतात. उलट रेनडियरच्या मादीची शिंगं हिवाळाभर टिकतात आणि इथे मादीच्या मूर्तीला शिंगंच नाहीत. दोन्हीकडे नेमकं उलटं झालंय. ज्यांनी खोगीर इतकं अचूक बसवलं त्यांच्या हातून हे व्हायला नको होतं.

कुंगाबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसेल. घोडा यायच्या आधी मेसोपोटेमियात आणि सिरियात लोक एक मुद्दाम तयार केलेलं जनावर जुंपत : आई पाळीव गाढवीण, बाप सिरियातलं रानगाढव. सिरियात उम्म एल-मर्रा इथल्या साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दफनांतल्या हाडांवरून २०२२ साली हे नक्की झालं. मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या प्रसिद्ध चित्रफलकावर रथांना जुंपलेली जनावरं बहुधा हीच. कुंगा वांझ. म्हणून प्रत्येक पिढीला नवं रानगाढव पकडून आणायचं, आणि ते रानगाढव वश होणारं नाही. खेळात कुंगाची पागा ठेवायची तर वाळवंटाच्या कडेचं एक तरी घर ताब्यात हवं, ते गेलं की पागा आटत जाते. आपल्याकडचं घोडं अडतं कुठे, हे शत्रूला नकाशावर बघूनच कळतं. पेटीतली ही माझी दुसरी लाडकी जागा. खऱ्या इतिहासात घोडा आला आणि कुंगाची गरज संपली, ते रानगाढवही गेल्या शतकाच्या पूर्वार्धात नामशेष झालं. इथे पटावर ते अजून पळतंय, हे बघताना मला भरून आलं.

झेब्रा आणि शहामृग इथे मात्र खेळ ढिला पडतो. झेब्र्याचं कार्ड त्याला 'तालीम' चार देतं, म्हणजे जवळजवळ कुंगाएवढी. झेब्रा वळवता येतो हे खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैरोबीत डॉ. रोझेंदो रिबेरो हे गोव्याचे डॉक्टर झेब्र्यावर बसून रोग्यांकडे जात. पण एक माणूस, एक झेब्रा आणि भरपूर धीर यांतून जे साधतं ते पाचशे झेब्र्यांत साधत नाही. घोड्याच्या वंशात ज्या दोन जनुकांची निवड झालेली दिसते त्यातलं जीएसडीएमसी पाठीशी आणि झेडएफपीएम१ शांत स्वभावाशी जोडलं जातं. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी माणसानं पाठ आणि स्वभाव बघूनच जनावरं निवडली. झेब्र्याला ती निवड कधी मिळाली नाही. तो दचकतो, चावतो आणि चावल्यावर सोडत नाही. आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात त्सेत्से माशीमुळे घोडे मरत तिथे तो तगतो, आणि या कामी त्याला दिलेले गुण रास्त आहेत. तालीम मात्र दोनच हवी होती.

शहामृगाला तर भाला आणि ढाल घेतलेला स्वार दिलाय. तासाला सत्तर किलोमीटर पळणारा पक्षी आहे, मान्य. पण त्याच्या तोंडात लगाम धरायला जागाच नाही. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत मोकळी हिरडी असते, लगामाची सळई तिथे बसते. सगळं घोडदळ त्या चार बोटांच्या फटीवर उभं आहे. चोचीला काय बांधणार? शहामृगाला शांत करायला पाळणारे लोक त्याच्या डोक्यावर टोपरं चढवतात, की ते उभं राहतं. चालवायला तसं काही साधन नाही. हे कार्ड, जिराफाचं कार्ड आणि गेंड्याचं कार्ड ही निव्वळ खोगीरभरती आहे. आम्ही ती तिन्ही पेटीच्या तळाशी ठेवून दिली.

उंटाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे बनवणाऱ्यांनी चूक केलेली नाही आणि इतिहासही सरळ आहे. चिखलाच्या घरात उंट घसरतो, वाळूत कुणाला ऐकत नाही, तहान काढतो आणि पाणी मिळालं की एका दमात शंभर लिटरच्या वर पितो. बंदुकीच्या दारूचं युग आलं की जंबुरक्याचं कार्ड उघडतं : उंटाच्या पाठीवर फिरती छोटी तोफ. १७६१ साली पानिपतावर अब्दालीच्या बाजूनं हीच होती, त्यामुळे ते कार्ड समोर आलं की मी ते हसत खेळू शकत नाही. एक विचार करण्यासारखा भाग मात्र सांगते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की इराणचा राजा सायरस यानं लिडिया राज्याच्या घोडेस्वारांपुढे ओझ्याचे उंट उभे केले आणि घोडे वासानंच उधळले. या जगात घोडे नाहीत, म्हणून तो नियम कुंगाला लावलाय. पण वाळवंटाच्या कडेला जन्मलेल्या कुंगाला उंट नवा नसणार. घोड्यालाही उंटांजवळ वाढवलं की तो बुजत नाही. आम्ही हा नियम फक्त पहिल्या गाठीपुरता ठेवला.

रेड्याचं कार्ड अनपेक्षित भेट निघालं. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या मुखाशी माराजो नावाचं बेट आहे, तिथले पोलीस खरोखर रेड्यांवर बसून गस्त घालतात. चिखल, दलदल, छातीइतकं पाणी, रेडा जातो. पटावरच्या दलदलीच्या घरांत त्याला कुणी अडवू शकत नाही. मूर्तीही सुंदर आहे, नाकातल्या वेसणीची दोरी केसाएवढी बारीक काढलीय. आमच्या पेटीत एका रेड्याचं शिंग तुटून आलं आणि दोन कुंगा कमीच होते. कळवल्यावर पाचव्या आठवड्यात बदली मूर्ती आल्या, दरम्यान दोन पत्रांना उत्तर नव्हतं. इतक्या प्रेमानं बनवलेल्या वस्तूची पाठवणी इतकी निष्काळजी नको होती.

हत्तीवर मात्र माझी खरी तक्रार आहे. नियम सांगतो की दोन फेऱ्यांचा चारा भरला की नवी हत्तींची तुकडी उभी राहते. एक फेरी म्हणजे एक ऋतू. हत्तीण २२ महिने गाभण असते आणि पिल्लू कामाला यायला दीड तप जातं. म्हणूनच हत्ती फौजांत येत ते जंगलातून पकडून. दिवसाला दीडशे किलो चारा घालत वीस वर्षं थांबणं कुठल्याच राजाला परवडत नव्हतं. ज्या खेळानं कुंगासाठी रानगाढव पकडायला लावलं त्यानं हत्तीसाठी जंगल मागू नये, हे मला समजत नाही. रणावरचा हत्ती मात्र चांगला उतरलाय. बिथरला की तो दोन्ही बाजूंना तुडवतो, आणि माहुताकडे एक शेवटची चाल असते, छिन्नी आणि हातोडा. मेटॉरसच्या लढाईत, इसवी सनपूर्व २०७ साली, कार्थेजच्या माहुतांनी आपलेच उधळलेले हत्ती असे मारले, असं रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. ती चाल खेळायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मी तुकडी गमावली, पण छिन्नी उचलली नाही.

दोनच खेळाडू असाल तर उत्तरेचं जंगल आणि बर्फ असलेला नकाशा घ्या, त्यात रवंथ, झाडपाला आणि ऊन तिन्ही नियम एकमेकांत गुंततात. चौघांचा वाळवंटी डाव लांबतो. तासाभरात संपणारा खेळ हवा असेल तर हा घेऊ नका. लहान मुलांना पहिल्या डावात 'पाठ' आणि 'माज' एवढेच फासे द्या, बाकीचं मागाहून. नियमांची पुस्तिका स्वच्छ आहे, फक्त माघारीचा भाग दोन ठिकाणी विभागून छापलाय, तो शोधावा लागतो.

गेल्या आठवड्यात आम्ही हत्तीचं कार्ड बदललं. मी पेन्सिलीनं त्यावर लिहिलं : 'नवी तुकडी फक्त जंगलाच्या घरातून, पकडल्यावर चार फेऱ्या तालीम.' भाच्यानं खाली त्याच्या अक्षरात भर घातली : 'पकडताना फासा हरला तर माणसं कमी.' उद्या तो रेनडियर घेणार आहे, मी हत्ती.